आई-बाबांना पत्र: परीक्षणांत राहून गेलेले

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने ‘एटी फॉर ब्रेडी’ बघायचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही ‘परीक्षणे काही बरी नाहीत’ एवढेच म्हणून तो मिटवलात. तेव्हा मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. मी तो चित्रपट पाहिला आहे, परीक्षणेही वाचली आहेत, आणि त्यांत जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहायचे राहून गेले ते मला अधिक खटकले.

आधी बाबांचे म्हणणे. कथा तकलादू आहे, हे मान्यच करायला हवे. टॉम ब्रेडी या अमेरिकन फुटबॉलपटूच्या चार वयस्क चाहत्या २०१७ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, बघायला ह्यूस्टनला जातात, तिकिटांचा घोळ होतो आणि शेवटी त्या चक्क प्रशिक्षकांच्या कक्षातून ब्रेडीलाच धीर देतात. प्रत्यक्षातल्या त्या सामन्यात त्याचा संघ २८-३ असा मागे पडूनही जादा वेळेत ३४-२८ असा जिंकला होता. इतके नाट्य आयते हाती असताना पटकथेने असल्या क्लृप्त्या का कराव्यात, असे मलाही वाटले. ब्रेडी स्वतः निर्मात्यांपैकी एक असल्याने काही समीक्षकांना हा सारा जाहिरातीचा प्रकार वाटला, तेही समजण्यासारखे आहे.

पण त्यानंतर परीक्षणांमागून परीक्षणांत ‘चौघींनी चित्रपट तारला’ असे त्या चाहत्या साकारणाऱ्या लिली टॉमलिन, जेन फोंडा, सॅली फील्ड आणि रिटा मोरेनो या अभिनेत्रींविषयी एक वाक्य येते आणि समीक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. त्या एका वाक्याला माझी हरकत आहे, कारण तारला म्हणजे नेमके काय केले, हे सांगणे हेच तर समीक्षकाचे काम होते. लिली टॉमलिनची लू कर्करोगातून उठलेली आहे आणि डॉक्टरांकडून आलेले पाकीट ती उघडत नाही. एखाद्या दुय्यम नटीने त्या पाकिटावर दोन अश्रू ढाळले असते. टॉमलिन मात्र ती भीती मैत्रिणींबरोबरच्या थट्टामस्करीखाली दाबून ठेवते, आणि म्हणून ती आपल्याला अधिक जाणवते. सॅली फील्ड निवृत्त गणितज्ञाच्या भूमिकेत झणझणीत चिकन विंग्ज खाण्याच्या स्पर्धेत उतरते, ती एखादे प्रमेय सोडवायला बसावे इतक्या गांभीर्याने, आणि हसू येते ते त्या गांभीर्यामुळेच. जेन फोंडा आणि टॉमलिन १९८० च्या ‘नाइन टू फाइव्ह’ या चित्रपटापासून एकमेकींसमोर उभ्या राहत आल्या आहेत. एकीचे वाक्य संपण्याआधीच दुसरीचा चेहरा उत्तर देऊ लागतो, ही लय पटकथेत लिहून मिळत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चित्रपट आला तेव्हा रिटा मोरेनो ९१ वर्षांच्या होत्या, फोंडा ८५, टॉमलिन ८३ आणि फील्ड ७६. ‘या वयातही’ असे कौतुक करताना समीक्षक त्यांना नकळत सवलत देतात, आणि ज्यांच्यापैकी तिघींनी ऑस्कर मिळवले आहे त्यांना अशी सवलत देणे मला टीकेपेक्षाही अपमानास्पद वाटते. त्यांचे टायमिंग चुकले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. साधले असेल तर ते कसे साधले, हे लिहावे. प्रेक्षकांना मात्र अशा सवलतीची गरज भासली नाही. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने सगळ्या खेळांना मॅटिनीचा, म्हणजे दुपारच्या खेळाचा स्वस्त, दर ठेवला होता आणि पहिल्या आठवडाअखेरीस अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी डॉलर जमले. हलक्याफुलक्या चित्रपटाला प्रेक्षक नाही, असे तरी यापुढे कोणी म्हणू नये.

आई, तू टॉमलिनकडे लक्ष ठेव, विशेषतः ती बोलत नसते तेव्हा. बाबा, तुम्ही कथेकडे दुर्लक्ष करून निदान पहिला अर्धा तास बघा. मग तुमचे परीक्षण मला सविस्तर लिहून पाठवा, आणि त्यात चौघींविषयी एकाहून अधिक वाक्ये असू द्या.

तुमची,
लेक