‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कितीपैकी किती?

मा. संपादक,

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की खासगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. सर्वाधिक पॅकेज, येऊन गेलेल्या कंपन्यांची संख्या आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे तीन आकडे त्यांत ठळक असतात. पोराच्या शिक्षणात पंधरा-वीस लाख घालायचे की नाही, हे ठरवायला या तिन्हींचा काहीच उपयोग नाही. उपयोगाचे आकडे बहुतेक वेळा विद्यापीठानेच केंद्र सरकारला लिहून दिलेले असतात आणि ते कोणालाही फुकट पाहता येतात. पालक तिथपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून हे पत्र.

एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी संस्था दरवर्षी एक तक्ता भरून देते. संस्थेच्या संकेतस्थळावर ‘एनआयआरएफ’ या दुव्याखाली त्याची पीडीएफ मिळते. क्रमवारीतला नंबर बाजूला ठेवा, तक्ता उघडा. चार वर्षांच्या पदवीच्या ओळीत मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, थेट द्वितीय वर्षाला आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि नोकरी लागलेल्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) असे रकाने असतात.

समजा, प्रथम वर्षाला १,२०० आणि थेट द्वितीय वर्षाला १२० विद्यार्थी आले. मुदतीत ९०० पदवीधर झाले, ४५० जणांना नोकरी लागली, ९० जण पुढे शिकायला गेले आणि मध्यक ४.५ लाख आहे. पदवीधरांपैकी निम्म्यांना नोकरी लागली, पण आत आलेल्या १,३२० विद्यार्थ्यांशी ताडून पाहिले तर प्रमाण ३४ टक्क्यांवर येते. ४२० जण मुदतीत पासच झाले नाहीत आणि पदवी घेतलेल्या ३६० जणांचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही. ४.५ लाख हा मध्यकही फक्त नोकरी लागलेल्या ४५० जणांचा आहे. म्हणजे त्यांतल्याही निम्म्यांचा पगार तेवढा किंवा त्याहून कमी.

मग जाहिरातीतले १०० टक्के येतात कुठून? तिथे भागले जाते ते ‘पात्र’ विद्यार्थ्यांच्या संख्येने. सर्व सत्रांत ६० टक्के, एकही विषय राहिलेला नाही, प्लेसमेंट कक्षाकडे नोंदणी आणि पूर्वतयारीच्या वर्गांना हजेरी अशा अटी लावल्या की वर्गातले निम्मे आधीच गळतात. काही ठिकाणी विद्यार्थी न मोजता ऑफर मोजतात. एकाला तीन ऑफर आल्या तर तीन. चौकशीला जाल तेव्हा एवढेच विचारा : अंतिम वर्षाच्या पटावर किती होते, आणि त्यांपैकी किती वेगवेगळे विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू झाले? उत्तर शाखानिहाय आणि लेखी मागा. संगणक शाखेचे आकडे सिव्हिलच्या मुलाला लागू पडत नाहीत.

हा तक्ता संस्थेने स्वतः भरलेला असतो, त्यामुळे डोळे झाकून त्यावर विसंबू नये. निदान तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवावेत. मध्यक एका वर्षात दीडपट झाला असेल आणि नोकरी लागलेल्यांची संख्या घटली असेल, तर कारण विचारायलाच हवे.

आता खर्च. सरकारी विद्यापीठांना संलग्न खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे या खासगी विद्यापीठांचा कारभार वेगळा, म्हणून माहितीपुस्तिकेतली प्रत्येक ओळ वाचावी लागते. पहिल्या वर्षाचे शुल्क ३ लाख असेल आणि बारीक अक्षरांत ‘दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढ’ असे असेल, तर चार वर्षांचे १२ नव्हे, १३ लाख ९२ हजार होतात. वसतिगृह आणि मेसचे वर्षाला सव्वा लाख धरले तर आणखी ५ लाख. परीक्षा शुल्क, अनामत, बस हे त्यावर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार शुल्काचा प्रत्येक घटक, परताव्याचे नियम, जागांची संख्या आणि शिक्षकांचा तपशील असलेली माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. ‘शुल्क समुपदेशकाला विचारा’ असे उत्तर मिळाले तर हा नियम दाखवा.

मुलींच्या पालकांनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत आणि प्रवेशही केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला असावा लागतो. शहरातल्या साध्या संलग्न महाविद्यालयात कॅपमधून जागा मिळत असताना केवळ आवार भव्य आहे म्हणून खासगी विद्यापीठात नाव घातले, तर ही सवलत चारही वर्षांसाठी गेली. एखाद्या कुटुंबासाठी हा फरक दहा लाखांच्या वर जातो आणि तो प्रवेशाच्या दिवशी कोणीच सांगत नाही.

कर्ज काढणाऱ्यांनी हप्ता आणि पगार एकाच कागदावर मांडावेत. दरवर्षी ३ लाख याप्रमाणे १२ लाख उचलले, व्याज १० टक्के, परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने. तोपर्यंत सरळव्याजानेच ४ लाख २० हजार साचतात. १६ लाख २० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे २१,४०० रुपये पडतो. दुसऱ्या बाजूला ४.५ लाखांचे पॅकेज. मूळ वेतन निम्मे धरले तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा २७ हजार आणि ग्रॅच्युइटी पावणेअकरा हजार त्यातच मोजलेली असते. दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल तर ४५ हजार आणखी बाजूला. मग कर्मचाऱ्याचा पीएफ २७ हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार. हातात महिन्याला साधारण २८ हजार पडतात. हप्ता गेल्यावर उरलेल्या पावणेसात हजारांत पुण्यात खोलीचे भाडेही निघत नाही, मग घरच्यांनाच हप्ता भरावा लागतो. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज मिळते, पण संस्था तिच्या यादीत असेल तरच. ती यादी प्रवेशाआधी पाहावी.

‘जागा मर्यादित, आजच निश्चित करा’ या घाईला बळी पडू नये. मंजूर जागा १,८०० आणि प्रवेश १,२०० असे तोच तक्ता सांगत असेल तर जागा मर्यादित नाहीत. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळणारी ‘शिष्यवृत्ती’ बहुधा शुल्कातली सूट असते आणि ती टिकवायला प्रत्येक सत्रात ठरावीक सीजीपीए (सरासरी गुणांक) लागतो. एका सत्रात घसरले की पूर्ण शुल्क सुरू. अट लेखी घ्या आणि गेल्या वर्षी किती जणांची सूट टिकली, तेही विचारा.

‘यूजीसी मान्यताप्राप्त’ या शब्दांनी अभ्यासक्रमाची हमी मिळत नाही. अभियांत्रिकीसाठी विद्यापीठाला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, हे भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्पष्ट केले. विधी, फार्मसी आणि वास्तुशास्त्राला मात्र त्या-त्या परिषदेची मान्यता हवीच. ती चालू वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावे.

कॅपमध्ये नंतर चांगली जागा मिळाली तर भरलेले पैसे परत मागायला संकोचू नये. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर पूर्ण शुल्क परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, तोही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतो. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये वजावट असा आदेश होता. चालू वर्षाचे परिपत्रक पाहून माघारीचा अर्ज ईमेलने पाठवा, तारखेचा पुरावा राहतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायलाही संस्थेला मनाई आहे. दाद लागली नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते.

अमेरिकेत शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ २०१५ पासून करनोंदींच्या आधारे माजी विद्यार्थ्यांच्या कमाईचे आकडे संस्थानिहाय देते. आपल्याकडे पॅन आणि पीएफच्या नोंदी आहेत. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने त्यांवरून शाखानिहाय आकडे काढून घेण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. तोवर आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. प्लेसमेंटचा दावा करणारी जाहिरात घेताना पटावरचे विद्यार्थी, रुजू झालेले विद्यार्थी आणि पगाराचा मध्यक हे तीन आकडे वर्षासह त्याच जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यायची अट घालावी.

— एक वाचक, पुणे