लॉगिन चालतंय म्हणून कोड बरोबरच असतो असं नाही

संपादक महोदय,

पासवर्ड मोठा ठेवा, कुणाला सांगू नका, हे सल्ले वाचून वाचून पाठ झालेत, पण तो पासवर्ड सिस्टीमच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होतं यावर कुणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र. पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्यात सॉल्ट म्हणजे काहीतरी रँडम मिसळून हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली अक्षरांची गिचमिड, काढतात, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइलीत ओळी वेगळ्या दिसतात. निदान दिसायला हव्यात.

मी एका जुन्या सिस्टीमचा हा कोड रिफॅक्टर करायला, म्हणजे काम तेच ठेवून नीट मांडायला, घेतला होता. सॉल्ट बनवणारं फंक्शन तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट, आणि त्यातल्या एकात रँडमला सीड, म्हणजे ज्यावरून पुढचं सगळं ठरतं तो सुरुवातीचा आकडा, काय दिलेलं, तर घड्याळातले सेकंद! स्क्रिप्टने एका दमात दहा युजर बनवले, सगळ्यांना सुरुवातीचा पासवर्ड एकच, आणि हॅश ठेवलेली शॅडो फाइल उघडली तर दहाही ओळींत तेच सॉल्ट, तोच हॅश. एक फुटला की दहा फुटले. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण लॉगिन तर मस्त चालत होतं ना.

बेल लॅब्जमधल्या मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पासवर्डवर लिहिलं तेव्हा सॉल्ट १२ बिटांचं होतं, म्हणजे फक्त ४०९६ प्रकार, आणि पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जायची. तेव्हाच्या मशिनींना ते पुरलं. आता लिनक्समध्ये २०१४ पासून कर्नलकडून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडून, रँडम मागणारं गेटरँडम आहे, तरी लोक हौसेने फॉलबॅक, म्हणजे पर्यायी वाट, लिहितात, कर्नलने रँडम दिलं नाही तर टाइम वापर म्हणे. अहो, एरर द्या आणि तिथेच थांबा, नवीन युजर पाच मिनिटं उशिरा बनला तर काय बिघडतं?

दुसरी गोची जुन्या हॅशची. हॅश उलटा फिरवता येत नाही, त्यामुळे नवीन पद्धत आणली तरी जुनी तपासणी ठेवावीच लागते, आणि माणूस लॉगिन करेल तेव्हाच त्याच्या पासवर्डचा नवा हॅश काढता येतो. आमच्या एका उत्साही पोराने जुन्या तपासणीचा तो भाग डेड कोड, म्हणजे कधीच न चालणारा कोड, समजून उडवला, सकाळी अर्धे लोक बाहेर! परत टाकला, पण काही खाती अजून एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवरच आहेत, ते लोक लॉगिनच करत नाहीत, आणि त्यांची खाती बंद करायची की नाही यावर आमच्यात रोज वाद चालू आहे.

आपला,
एक प्रोग्रामर वाचक