चुडा भरणार आहे

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू 'बघू गं' म्हणून विषय बदलला असतास आणि मीही गप्प बसले असते. म्हणून लिहितेय.

छकुलीच्या लग्नात मी चुडा भरणार आहे. कासार घरी येईल तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हात पुढे करणार. हळदीला मागच्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या राखत बसणार नाही. दादा-वहिनीशी बोलून झालंय. छकुली तर हटूनच बसलीय, पहिली हळद आत्याचीच म्हणून. तुम्हाला हे ऐन मांडवात कळू नये, एवढंच.

नटायची हौस म्हणून नाही. म्हणजे थोडी आहेच, खोटं कशाला बोलू? पण ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मोठ्यानं हसले तर 'बघा', आणि रडले तर 'अजून किती?' लोकांना चालेल तेवढंच दुःख दाखवायचं, याचा कंटाळा आलाय. आठवण येते ती येणारच, हिरव्या बांगड्या घालून काय ती कमी होणार आहे?

लहानपणी बांगडी चढताना मी केवढी ओरडायचे. तू कोपर धरून 'झालं, झालं' म्हणायचीस. फुटली तर 'वाढवली म्हणावं', हेही तूच शिकवलंस. त्या दिवशीही माझा हात तूच धरला होतास. तेव्हा मात्र 'वाढवल्या' कुणी म्हणालं नाही. तू डोळे मिटून घेतलेस, ते मी पाहिलं. माझा तुझ्यावर राग नाही गं. तुला तरी कुणी विचारलं होतं?

बाबा, 2022 च्या मे महिन्यात हेरवाडच्या ठरावाची बातमी तुम्हीच वाचून दाखवली होती. कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. कुरुंदवाडच्या शेजारचं गाव, काही परदेश नाही. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढलं. तुम्ही पुढे काहीच बोलला नाहीत, पण ते कात्रण पंचांगात आहे, मला ठाऊक आहे.

काकू बोलतील. बोलू देत. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, माझ्याकडे पाठवायचं. कार्यालय बघून आलेय मी. कमोड आहे, जिना चढायचा नाही. बाबांसाठी बिनमिठाचं वरण वेगळं सांगितलंय. जिलेबी एकच! बीपीची गोळी सकाळी पोहे झाल्यावर, विसरायची नाही. आईनं गुडघ्याचा पट्टा पिशवीत नाही, पायात घालायचा.

तुमची,
ताई

ता.क. आई, माझी मोरपंखी साडी तुझ्या ट्रंकेत तळाशी आहे. काढून दोन दिवस वाऱ्यावर टाक, डांबरगोळ्यांचा वास लवकर जात नाही.