खडकावर पाय न ठेवताच पक्षी पाहावेत

वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील वेंगुर्ले रॉक्स या खडकाळ बेटांवरील सागरी पक्ष्यांची वसाहत दाखवण्यासाठी गोव्यातून मार्गदर्शकासह बोटसफरी सुरू कराव्यात, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. सफरींना माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र पर्यटकांना खडकावर उतरू देण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७५ साली भेट दिल्यापासून हे खडक पक्षी-अभ्यासकांना परिचित आहेत. येथील सुरय (टर्न) पक्षी उघड्या खडकावर वा कपारीच्या आडोशाला अंडी घालतात, आणि त्यांतील ब्रायडल्ड टर्न तर एका विणीत एकच अंडे घालतो. माणूस जवळ येताच सारा थवा कर्कश ओरडत उडतो आणि तो परतेपर्यंत ठिपकेदार अंडी तापल्या दगडावर उन्हात, घारींच्या नजरेसमोर उघडी पडून राहतात. गुहेतील पाकोळ्या तर लाळेने कातळाला घरटी चिकटवतात. त्या घरट्यांची येथे तस्करीही झालेली आहे.

हे खडक महाराष्ट्राच्या हद्दीत असल्याने गोव्यातील आयोजकांनी महाराष्ट्राच्या वन विभागाशी आधी बोलून बोटींचे अंतर ठरवून घ्यावे आणि विणीच्या काळात खडकावर कोणालाही उतरवू नये.

– एक पक्षीनिरीक्षक, पेडणे