दहाव्या पुस्तकात थांबलो

प्रिय दोस्ता,

'कुठपर्यंत पोचलास?' या तुझ्या मेसेजला चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळीत सांगता येईल असं ते नाहीये आणि तुला थापही मारायची नाहीये. दहाव्या पुस्तकात थांबलोय. पुढे जाईन असं वाटत नाही. ज्या सिरीजनं तुला बंगळुरूच्या त्या खोलीत दोन वर्षं सोबत केली, जिची चौदाच्या चौदा पुस्तकं तू पिशव्या भरून डोंबिवलीपर्यंत वाहून आणलीस, ती रॉबर्ट जॉर्डनची फँटसी सिरीज 'व्हील ऑफ टाइम' मला नाही रे भिडली. लिहिताना खरंच वाईट वाटतंय.

पण आधी पहिल्या पुस्तकाचं सांगतो, कारण तिथे मी पुरता अडकलो होतो. ट्रोलॉक, ते अर्धे माणूस अर्धे जनावर असलेले राक्षस, शेतावरच्या घरात घुसतात, टॅम जखमी होतो, तापानं फणफणतो, आणि त्याचा पोरगा रँड एकटा, झोळीसारखं काहीतरी करून बापाला अंधारात रानातून गावाकडे ओढत नेतो, रस्त्यानं जायची सोय नाही कारण रस्त्यावर तेच फिरतायत. आणि टॅम तापात बडबडत असतो, लढाई, बर्फ, डोंगराच्या उतारावर सापडलेलं बाळ. रँडला तिथे कळतं की आपण याच्या पोटचे नाही. तरी ओढत राहतो. मी लोकलमध्ये वाचत होतो, ठाणं कधी गेलं कळलं नाही. मला आमची लिफ्ट बंद होती ती रात्र आठवली, बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आपण दोघांनी तीन मजले खाली आणलं, पुढून तू, मागून मी, आणि प्रत्येक वळणावर ते म्हणत होते, भिंतीला लावू नका रे, रंग नवीन आहे. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. तर असं सगळं ते चॅप्टर वाचताना वर आलं, आणि मला वाटलं हे पुस्तक माझंच आहे.

मग मी त्या दोघांच्या भेटीची वाट बघायला लागलो. रँडला आता सत्य माहितीये, टॅमसमोर उभा राहिल्यावर तो काय बोलेल, बाबा म्हणेल का, एवढंच मला हवं होतं. दुसरं पुस्तक गेलं, तिसरं गेलं. चौथ्यात टॅम येतो तर तिथे रँडचा मित्र पेरिन असतो, रँड दुसरीकडेच वाळवंटात. मग पाचवं, सहावं, आणि सिरीज मारुतीच्या शेपटासारखी लांबतच जाते.

लांबीचं मला काही नाही, आपण दोघं जाडजूड कादंबऱ्यांवरच वाढलोय. पण पान भरतंय कशानं ते बघ ना. त्यांच्या गावची वैद्यीण नायनीव चिडली की वेणी ओढते, दर दोन-चार चॅप्टरला ओढते, कुणी ना कुणी स्कर्ट नीट करत असते, रँड, पेरिन आणि त्यांचा दोस्त मॅट तिघांनाही वाटतं की बायकांशी कसं बोलायचं ते बाकीच्या दोघांना जास्त कळतं. पहिल्यांदा गोड वाटतं, सातव्या पुस्तकात नाही वाटत. पेरिनच्या बायकोला, फेलला, आठव्याच्या शेवटी पळवून नेतात ती सुटते अकराव्यात, म्हणजे १९९८ ला पळवली आणि २००५ ला सुटली, तेव्हा वाचणाऱ्यांनी सात वर्षं कशी काढली असतील! आणि दहावं, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. नवव्याच्या शेवटी रँड आणि नायनीव मिळून सैदीनवरचा, म्हणजे पुरुषांच्या जादूवरचा, तो विटाळ धुऊन काढतात, काय जबरदस्त प्रसंग आहे, आता गाडी सुटली असं वाटतं, आणि दहावं उघडावं तर कितीतरी पानं हेच की त्याच दिवशी बाकीचे सगळे कुठे होते आणि लांबून त्यांना काय जाणवलं. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी दार उघडलं की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात ना, अगदी तसं. तिथे पुस्तक मिटलं.

तू म्हणायचास, चक्राची, युगांची कल्पना बघ, आपल्याकडचीच आहे. खरंय, जॉर्डननी ती आपल्या पुराणांतूनही घेतलीये. पण मला त्यानं नवल नाही वाटलं. युगं येतात जातात हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलेलं असतं. आपल्या गोष्टीत चक्र कितीही मोठं असो, श्रावण बाळाची कावड मोठ्या माणसालाही रडवते. इथे चक्र फिरत राहिलं आणि कावड पहिल्याच पुस्तकात खाली ठेवली गेली.

सगळंच वाईट नाहीये. सहाव्याच्या शेवटची ड्युमाईज वेल्सची लढाई वाचून मी रात्री दोनपर्यंत जागा होतो, ही म्हणाली दिवा तरी घालव. आणि हेही कळतं की तू वाचलंस विसाव्या वर्षी, परक्या गावात, ओळखीचं कुणी नसताना, तेव्हा तीच माणसं रोज भेटायला येणं हेच हवं होतं तुला. कदाचित ती वेणीसुद्धा. मी चाळिशीत, घर-ऑफिस-पोराचा अभ्यास यातून पाऊण तास चोरून वाचतो.

रँड आणि टॅम बाराव्यात भेटतात हे तूच मागे बोलता बोलता सांगून गेलास. पहिलं आलं १९९० ला, बारावं २००९ ला, मध्ये २००७ मध्ये जॉर्डन गेले आणि शेवटची तीन त्यांच्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसननी पूर्ण केली. म्हणजे मी ज्या भेटीसाठी थांबलो होतो ती छापून यायच्या आधी लिहिणारा माणूसच गेला. हे कळल्यावर खूप वेळ गप्प बसून होतो.

तर गणपतीत येशील तेव्हा पुस्तकं घेऊन जा. पहिलं राहू दे माझ्याकडे. आणि बारावं पण. त्यातलं ते पान कुठलं ते मात्र मला मेसेज कर, तेवढंच वाचणारे.

तुझाच

ता. क. आई विचारत होती, उकडीचे किती करू म्हणून. आकडा कळव.