पलंग आतल्या भिंतीला घे

डोंबिवली
रविवार, ११ मे २०२५

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी पाचपासून भारत-पाकिस्तानचा गोळीबार थांबला असं टीव्हीवर सांगितलं, तर बाबांनी लगेच जादा दूध आणून मला खीर करायला लावली. रात्री पुन्हा तुमच्याकडे जम्मूला ड्रोन दिसल्याच्या बातम्या. खीर तशीच फ्रिजमध्ये पडली आहे. त्यानंतरचा आपला फोन तुला आठवत असेलच. "काही नाही गं आई, फटाक्यांसारखे आवाज येतात, झोप तू," असं म्हणालीस, आणि माझं डोकं फिरलं. म्हणून आज लिहायला बसले. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

परत ये असं मी आता म्हणणार नाही. शुक्रवारी जम्मूहून दिल्लीला स्पेशल गाड्या सुटल्या, बी विंगमधल्या काकूंचा भाचा त्यातून आलासुद्धा, हेही सांगणार नाही. एवढंच विचारते : तुझा पलंग अजून त्या मोठ्या काचेखालीच आहे का? मागच्या महिन्यात व्हिडिओवर खोली दाखवलीस तेव्हा "उजेड किती छान येतो बघ" म्हणाली होतीस. उजेड छान आहे. पलंग आतल्या भिंतीला घे.

फटाक्यांवरून मी का भडकले ते सांगते. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी आठ वर्षांची होते. लालबागच्या खोलीत आम्ही सात माणसं. तीन तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानने तिकडे विमानतळांवर हल्ले केले आणि रेडिओवर पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर ही नावं सुरू झाली. या आठवड्यात तीच नावं टीव्हीवर ऐकली, माझ्या पोटात गोळाच आला. विमानांना उजेड दिसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पांनी काळे कागद आणले. आजीने मैद्याची खळ शिजवली आणि खिडकीच्या प्रत्येक काचेवर कागद बसला. बल्बला खाकी कागदाची टोपी. रस्त्यावर टॅक्सीच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. कुणाच्या फटीतून उजेड दिसला की खालून वॉर्डनची हाक यायची, खोली नंबर घेऊन. फार अपमान वाटायचा त्याचा.

रात्री सगळे झोपले की खिडकीशी खर्र खर्र आवाज यायचा. थांबायचा, परत यायचा. माझी खात्री होती की कोणीतरी बाहेरून कागद फाडतंय. सुमामावशीला विचारलं तर म्हणे वारा आहे. आईला विचारलं तर म्हणे काही नाही, झोप. वारा नव्हता हे मला कळत होतं, कारण दोरीवरचे कपडे हलत नव्हते. मग मी ठरवून टाकलं की मोठ्यांना माहीत आहे आणि ते लपवताहेत, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर आहे. चादर तोंडात धरून पडून राहायचे.

शेवटी आप्पांना सांगितलं. ते रात्रपाळीहून आलेले, डोळे लाल. त्यांनी हसून घालवलं नाही. मला खिडकीशी नेलं आणि कागदाचा कोपरा उचलून दाखवला : झुरळं! खळ खायला यायची. कडा कुरतडून कागदाच्या झालरी झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खळीत मोरचूद घालून कागद पुन्हा चिकटवले, कडांना निळसर डाग पडले, आवाज बंद. झुरळांची किळस मला आजही आहे, पण त्या रात्री मी झोपले.

भोंग्याचंही त्यांनीच शिकवलं. खालीवर होत जाणारा म्हणजे धोका, एकसुरी सरळ म्हणजे संपलं. आणि गिरणीचा भोंगा तर सरळच. त्यामुळे पहाटे गिरणीचा वाजला की मला वाटायचं, आजचं संपलं. लढाई सोळा तारखेला संपली, तरी पुढे किती वर्षं तो भोंगा ऐकला की मी कूस बदलून निवांत झोपायचे. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि तोही बंद झाला. आप्पांचं त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. तो विषय आज नको.

तुमच्याकडचा सायरन खालीवर होतो ना? झाला की काचेपासून लांब हो, जिन्याखाली जा, मोबाइलवर शूटिंग करत गॅलरीत उभी राहू नकोस. पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. टॉर्च उशाशी. चपला पलंगाजवळ, कारण काच फुटली तर अनवाणी पाय… झालं माझं सुरू. तीस वर्षांची बाई तू, बँकेची शाखा सांभाळतेस, आणि मी तुला चपला सांगतेय. राग मानू नकोस.

त्या किल्लीचं मात्र बोलायचंय. "कॅशची एक किल्ली माझ्याकडे आहे, मी अशी कशी निघू?" म्हणालीस. बाबांनी हे सोसायटीत निदान दहा जणांना सांगितलं, अगदी इस्त्रीवाल्यालाही. मीही ऐकत उभी होते, मान ताठ करून. पण तुला खरं सांगू? एकाहत्तरात आपली खुकरी युद्धनौका दीवजवळ बुडाली आणि कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे चाळीत सगळे भरल्या गळ्याने सांगत होते. मी मात्र विचार करत होते, त्यांच्या आईला कोणी जाऊन सांगितलं असेल. तुझी किल्ली ऐकून मला तेच आठवलं. बँकेचं जहाज नाही गं, ठाऊक आहे. रीतसर चार्ज देऊन रजा मिळतेच की. बघ, परत ये म्हणणार नव्हते.

तर माझं मागणं एवढंच. मला फटाके सांगू नकोस. आवाज आला तर आवाज आला म्हण, घाबरलीस तर घाबरले म्हण. मी रडेन कदाचित, बाबा फोन हिसकावतील, पण मग मी झोपेन. "काही नाही" ऐकलं की रात्रभर छताकडे बघत बसते.

सकाळी मदर्स डेचा गुलाबांचा फोटो आला. त्याऐवजी तुझ्या खोलीचा पाठव, पलंग हलवल्यावरचा.

मेटकूट आणि भाजणी बांधून ठेवली आहे, कुरिअरवाला म्हणतो चारेक दिवस थांबा. दादाला उत्तर दे, तो तुझ्यावर चिडलेला नाही, घाबरलाय. तुझ्या घरमालकीणबाईंना नमस्कार सांग, परवा त्यांनी तुला खाली बोलावून जेवू घातलं ते मी विसरणार नाही.

तुझी,
आई

ता. क. आषाढी सहा जुलैला आहे. तेव्हा तरी येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, आता साठच दिवस आधी सुटतात आणि लगेच भरतात. खालचा बर्थ बघ.