चि. मनूस पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, मग मीही परत केला नाही, बोलायला गेले की माझा आवाज चढतो म्हणून लिहितेय. सोन्याच्या शाळेतली ती तीन भावंडं गॅलवेला चालली म्हणालीस आणि मी लगेच शाळेचा पट विचारला, त्यावर चिडलीस. आता एकवीस उरणार ना? बघ, परत तेच. नाही विचारत.

शाळेला नावं नाही ठेवत गं. आयर्लंडला आले होते तेव्हा बघितलंय ना, ज्युनिअर इन्फंट्स म्हणजे अगदी चार-पाच वर्षांच्यांपासून दुसरीपर्यंत सगळी एका खोलीत, बाई छोट्यांना मणी देऊन दुसरीकडे वळल्या आणि पहिलीतली एक पोरगी आपणहून आपल्या सोन्याच्या हातातल्या दोऱ्याला गाठ मारून गेली. वर्ग असा चालायला काय लागतं ते मला माहितेय, द्विशिक्षकी शाळेतच जन्म गेला. सोन्या तिथे आहे ह्याचा मला अभिमानच आहे.

तुमच्या मेयो परगण्यातल्या शाळांच्या जुन्या वह्या नेटवर आहेत त्या मी रात्री वाचत बसते. 1937 ते 39 मधे पाचवी-सहावीच्या पोरांनी आजीआजोबांना विचारून सगळं लिहून काढलं, देशभरात मिळून 5,000 शाळा, 50,000 वर पोरं! लोणी काढताना कोणी घरात आलं तर त्यानं दोन हात घुसळलंच पाहिजे, नाहीतर लोणी जातं म्हणे. माई ऐकून खूश झाली असती. हीच पोरं थंडीत शाळेच्या शेगडीसाठी घरनं टर्फचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीचा, तुकडा घेऊन जायची. आणि पुढे 60-70 च्या दशकात अशा शेकडो एक-दोन शिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळांत घातल्या, म्हणून भीती वाटते गं.

तिथल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकांना तर 1934 पासून लग्न केलं की राजीनामाच द्यावा लागायचा, 1958 ला तो नियम गेला. इथे तसं असतं तर तुझी इंजिनिअरिंगची फी कशी भरली असती? म्हणून म्हणते, घरी बसायचं डोक्यात आणू नकोस, स्वतःचा पगार असला की बाई कोणापुढे... बास. भाषण झालं, सॉरी. तुझं तू बघ.

पण एक सांगते. तिथेही शिक्षक 30 सप्टेंबरच्या पटावरच ठरतात, अगदी आपल्या संचमान्यतेसारखं, आणि यंदा पट घसरला की पुढच्या वर्षी एक बाई जाते. आम्ही मे महिन्यात उन्हातान्हात वाडीवाडीत फिरायचो, एकेका पोरासाठी, तुला घरी बाबांकडे ठेवून. तुमच्या वळणावरच्या त्या पोलिश घरातली धाकटी चार वर्षांची झाली का? तिच्या आईला शाळेचं विचारलंस का? नसेल तर ह्या शनिवारी जाऊन ये, सोन्यालाही ने बरोबर.

तुझी,
आई